परीक्षेतील लेखनिक आणि उत्तराचे कर्तृत्व

१

विद्यापीठीय परीक्षेत विद्यार्थ्याच्या ज्ञानाची पारख होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. परीक्षकाच्या हाती ज्ञान कधीच येत नाही. त्याच्या हाती येते ती उत्तरपत्रिका. तीन तासांच्या अवधीत, ठराविक जागी बसून, छापील प्रश्न डोळ्यांनी वाचून, स्वतःच्या हाताने, प्रमाण भाषेत लिहिलेला मजकूर म्हणजे ज्ञान, असे समीकरण परीक्षापद्धतीने मानलेले असते. हे समीकरण निसर्गसिद्ध नसून ऐतिहासिक आहे. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली, तेव्हा त्यांचे मुख्य कार्य अध्यापन हे नसून संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेणे हे होते. दूरदूरच्या विद्यार्थ्यांची परीक्षा एकाच वेळी व एकाच मापाने घ्यावयाची तर लेखी प्रश्नपत्रिकेवाचून गत्यंतर नव्हते. तत्पूर्वीच्या वेदपाठशाळांत आणि शास्त्रसभांत विद्वत्तेची कसोटी तोंडीच लागत असे. तेथे हस्ताक्षराला स्थान नव्हते. युरोपातील जुन्या विद्यापीठांतही दीर्घकाळ वादविवाद हीच परीक्षा होती. केंब्रिज येथे १७११ साली गणिताच्या ल्यूकेशियन अध्यासनावर निकोलस सॉन्डरसन या अंध गणितज्ञाची नेमणूक झाली होती, ही गोष्ट या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

ज्याला छापील अक्षर दिसत नाही, ज्याचा हात लेखणी धरू शकत नाही, किंवा ज्याची पहिली भाषा कानांनी ऐकण्याची भाषाच नाही, असा विद्यार्थी परीक्षेला बसतो तेव्हा हे समीकरण मोडते. ते सांधण्यासाठी परीक्षापद्धतीने जी प्रमुख योजना स्वीकारली, ती लेखनिकाची. विद्यार्थ्याने सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे, असे तिचे स्वरूप आहे. या योजनेसंबंधीचे नियम प्रशासकीय कागद म्हणून वाचले जातात व तसेच अमलात आणले जातात. परंतु कोणत्याही नियमसंग्रहाच्या मुळाशी काही कल्पना असतात. सांगणे म्हणजे काय, लिहिणे म्हणजे काय आणि लिहिलेल्या मजकुराचा कर्ता कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखनिकाच्या नियमांनी, न उच्चारता, देऊन ठेवलेली आहेत. ती उत्तरे भाषाविज्ञानाच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

२

प्रथम नियमांची वाटचाल थोडक्यात पाहणे अवश्य आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या कलम ३१ ने शिक्षणसंस्थांवर लेखनिक पुरविण्याचे बंधन घातले. पण ते केवळ अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांपुरते. म्हणजे लेखनिक हा डोळ्याचा पर्याय मानला गेला. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्र शासनाने लेखी परीक्षांसंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला, तिची इच्छा असल्यास, लेखनिकाची सोय देऊ केली होती. शिवाय ब्रेल, संगणक, मोठा टाईप किंवा उत्तरांचे ध्वनिमुद्रण यांपैकी परीक्षेचा प्रकार निवडण्याची मुभाही होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा त्यांत समावेश केला आणि ‘वाजवी सोय’ ही संकल्पना कायद्यात आणली. कलम १७ मध्ये अभ्यासक्रमात व परीक्षापद्धतीत योग्य फेरफार करण्याचा उल्लेख आहे. वाढीव वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, ही उदाहरणे तेथे दिली आहेत.

ऑगस्ट २०१८ च्या सूचनांनी लेखनिकाच्या हक्काची रचना अधिक काटेकोर केली. अंधत्व, दोन्ही हातांना बाधा असलेले चलनवलनविषयक अपंगत्व आणि मेंदूचा पक्षाघात या तीन वर्गांना मागणीनुसार लेखनिक, व इतरांना लिहिण्याची शारीरिक मर्यादा असल्याचा दाखला आणल्यास लेखनिक, अशी ती व्यवस्था होती. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने या रचनेचा पायाच तपासला. लेखनाच्या वेळी हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराचे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या मापात बसत नाही, म्हणून त्याला लेखनिक नाकारणे न्यायालयाने अमान्य केले. टक्केवारीची अट ही आरक्षणादी विशिष्ट लाभांसाठी आहे. वाजवी सोयीचा हक्क तिच्यावर अवलंबून नाही, असा निर्वाळा दिला गेला. त्याला अनुसरून ऑगस्ट २०२२ मध्ये चाळीस टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, परंतु लिहिण्यात अडचण असलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘गुलशन कुमार’ प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा अधोरेखित केले.

या तीस वर्षांच्या प्रवासाचा अर्थ स्पष्ट आहे. ‘लेखनिक कोणाला मिळावा?’ या प्रश्नाचे वर्तुळ क्रमाने विस्तारत गेले, आणि हे निःसंशय इष्ट झाले. मात्र ‘लेखनिक नेमके काय करतो?’ हा प्रश्न या सर्व काळात जवळजवळ अस्पर्शित राहिला. १९९५ मध्ये तो डोळ्याचा पर्याय होता. पुढे तो हाताचा पर्याय झाला. अवयव बदलला, कल्पना बदलली नाही.

३

ती कल्पना अशी: विद्यार्थी बोलतो, लेखनिक ऐकलेले ध्वनी अक्षरांत उतरवितो, या उतरविण्यात भर पडत नाही वा घट होत नाही. लेखन म्हणजे उच्चाराची नोंद, असे येथे गृहीत धरले आहे. मराठीच्या बाबतीत हे गृहीत पहिल्याच पायरीवर डळमळते.

प्रथम ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न घ्यावा. ‘दिन’ व ‘दीन’, ‘सुत’ व ‘सूत’ या जोड्या लेखनात भिन्न आहेत. सामान्य मराठी उच्चारात त्यांतील भेद ऐकू येत नाही, कारण अंत्य व्यंजनापूर्वीचा इ-कार किंवा उ-कार बहुधा दीर्घच उच्चारला जातो. ‘गुण’ व ‘विष’ हे शब्द उच्चारात दीर्घ ऐकू येतात, परंतु तत्सम असल्यामुळे ऱ्हस्व लिहावे लागतात. ‘फूल’ व ‘ऊस’ मात्र दीर्घच. तेव्हा ऐकलेला शब्द शुद्ध लिहिण्यासाठी लेखनिकाला तो शब्द तत्सम की तद्भव हे ठाऊक असावे लागते. ‘श’ व ‘ष’ यांचेही तेच. ही माहिती ध्वनीत नसते, ती लिहिणाऱ्याच्या शिक्षणात असते.

उलट दिशेनेही तीच अडचण आहे. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडेसे, यांतील ‘ज’ चे उच्चार निराळे आहेत. देवनागरीत मात्र ते एकाच चिन्हाने लिहिले जातात. मराठीच्या स्वनविचारावरील उत्तरात हा भेद हाच मुद्दा असेल, तर विद्यार्थ्याने उच्चारून दाखविलेला फरक कागदावर पोचतच नाही. डोळस विद्यार्थी अशा वेळी अक्षराखाली टिंब देतो किंवा ध्वनिलिपीचे चिन्ह वापरतो. सांगून लिहविणाऱ्याला त्या चिन्हाचे वर्णन करावे लागते, व ते वर्णन समजण्याइतका लेखनिक तयार असावा लागतो.

तिसरी गोष्ट बोलींची. वऱ्हाडीतील अनेक बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो. कित्येक बोलींत ‘पाणी’ हे ‘पानी’ असते. असा विद्यार्थी स्वतः लिहिताना बोली व प्रमाण लेखन यांतील अंतर मनातल्या मनात ओलांडतो. त्याचा उच्चार परीक्षकाला कळतही नाही. सांगून लिहविताना मात्र तो उच्चार प्रथम लेखनिकाच्या कानी पडतो. लेखनिकाने तो सुधारून लिहिला तर त्याने मदत केली असा आक्षेप येतो. जसाच्या तसा लिहिला तर विद्यार्थ्याला अशुद्ध लेखनाचे गुण गमवावे लागतात. दोन्ही बाजूंनी निष्कर्ष एकच निघतो: अशा उत्तरपत्रिकेतील शुद्धलेखन कोणाचे, हे परीक्षकाला कधीच सांगता येणार नाही. ज्याचा कर्ता ठरविता येत नाही, त्याला गुण देणे किंवा त्याचे गुण कापणे, दोन्ही निराधार होत.

याहून सूक्ष्म अडचण लेखनप्रक्रियेची आहे. लिहिणाऱ्याला त्याचे लेखन समोर दिसत असते. तो वाक्य अर्धे टाकून वर पाहतो, शब्द खोडतो, परिच्छेदाचा पहिला शब्द पुन्हा वाचून पुढचा विचार जुळवितो. लिहिलेला कागद ही त्याची बाह्य स्मृती असते. सांगणाऱ्याजवळ ही स्मृती नसते. ‘मागचे वाक्य वाचा’ असे प्रत्येक वेळी म्हणावे, तेव्हा ती उसनी मिळते. शिवाय त्याला बोलायचे असते ते लेखी मराठीत. ‘तथापि’, ‘यास्तव’, ‘येथे स्वल्पविराम’ असे म्हणत रचना करणे हे संभाषणाहून वेगळे आणि हस्तलेखनाहूनही वेगळे असे कौशल्य आहे. शाळा-महाविद्यालयांत ते शिकविले जात नाही. परीक्षेच्या दिवशी मात्र ते विद्यार्थ्याच्या ठिकाणी असलेच पाहिजे असे मानले जाते.

४

आता लेखनिकाच्या पात्रतेकडे वळू. २०१८ च्या सूचनांनुसार, विद्यार्थ्याने स्वतः लेखनिक आणल्यास त्याची शैक्षणिक पात्रता विद्यार्थ्याहून एक पायरी खाली असावी, असा दंडक होता. तपशील पुढे बदलत गेले. तरी लेखनिक विद्यार्थ्याहून कमी शिकलेला असावा, हे तत्त्व परीक्षाव्यवहारात रुजलेले आहे. त्यामागील हेतू उघड आहे. लेखनिकाला विषय येत असेल तर तो उत्तर सांगेल, अशी भीती त्यात आहे. ही भीती सर्वस्वी काल्पनिक नाही. परीक्षेचे मोल राखावयाचे असेल तर तिची दखल घ्यावीच लागेल. विचार करावयाचा तो तिच्यावरील उपायाचा.

व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने ते लिहिले, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने ती मूळ संहितेत घेतलेली नाही. परंतु प्रक्षिप्त कथाही रचणाऱ्याच्या काळातील लेखनविषयक जाणीव सांगत असतात. लेखणी थांबता कामा नये, अशी अट लेखनिक घालतो. अर्थ समजल्याखेरीज अक्षर लिहू नये, अशी अट सांगणारा घालतो. सांगणे आणि लिहिणे यांच्यामध्ये समजणे ही पायरी अपरिहार्य आहे, हे त्या कथेच्या रचनाकाराने ओळखले होते. आजच्या नियमाने ही दुसरी अट उलटी केली आहे. लेखनिकाला अर्थ समजू नये, हीच येथे प्रामाणिकपणाची हमी मानली आहे.

याचा परिणाम विषयागणिक निरनिराळा होतो. निबंधवजा उत्तरात तो कदाचित सहन होईल. परंतु भाषाविज्ञानाच्या पदव्युत्तर प्रश्नपत्रिकेचा विचार करावा. ‘स्वनिम’, ‘स्वनांतर’, ‘मूर्धन्य’, ‘महाप्राण’ हे शब्द पूर्वी कधी न ऐकलेला लेखनिक ते कसे लिहील? ‘स्वन’ या ठिकाणी ‘स्वर’ लिहिले गेले तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते आणि विधान मात्र खोटे ठरते. परीक्षक ती चूक विद्यार्थ्याच्या माथी मारतो. त्याला दुसरे काही करणे शक्यही नसते. गणितातील घातांक, रसायनशास्त्रातील सूत्रे, संस्कृत उद्धरणे, संगीताची स्वरलिपी, या सर्वांची स्थिती हीच आहे. लेखनिकाच्या अज्ञानाने गैरप्रकाराला जितका आळा बसतो, त्याहून अधिक हानी प्रामाणिक विद्यार्थ्याच्या उत्तराची होते. आणि ती हानी कोठेही नोंदली जात नाही.

यावर उपाय नियमांच्याच पोटात आहे. २०१३ च्या सूचनांनी ध्वनिमुद्रणाची मुभा दिलेली होती. तिचा विचार केवळ लेखनिकाला पर्याय म्हणून झाला, लेखनिकाचा साक्षीदार म्हणून झाला नाही. विद्यार्थी जे सांगतो आणि लेखनिक जे विचारतो वा वाचून दाखवितो, ते सर्व आरंभापासून मुद्रित करून उत्तरपत्रिकेसोबत जतन केले, तर दोन गोष्टी साधतात. लेखनिकाने उत्तर पुरविले असल्यास ते उघडकीस येते. आणि लेखनिकाने चुकीचे लिहिले असल्यास विद्यार्थ्याला दाद मागण्याला आधार मिळतो. मग लेखनिक अज्ञ असण्याची गरज उरत नाही. विषयाची परिभाषा जाणणारा, त्या परीक्षेत स्वतः न बसलेला, प्रशिक्षित लेखनिक नेमता येतो. संशयाचे निवारण अज्ञानाने करण्यापेक्षा पुराव्याने करणे, हा विद्यापीठाला अधिक शोभणारा मार्ग होय.

५

लेखनिकाची योजना ही सर्व अडचणींवरील एकमेव तोड नाही, हेही सांगितले पाहिजे. लुई ब्रेलने आपली लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. भारतीय भाषांसाठी तिची एक समान योजना १९५१ मध्ये स्वीकारण्यात आली व ती भारती ब्रेल या नावाने ओळखली जाते. सहा टिंबांच्या चौकटीतून त्रेसष्ट आकृत्या मिळतात. त्यांत देवनागरीची सर्व वर्णव्यवस्था बसविलेली आहे. तिची रचना लिपिविचाराच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. देवनागरीत ऱ्हस्व इ-कार व्यंजनाच्या आधी काढला जातो. ब्रेलमध्ये तो उच्चारक्रमानुसार व्यंजनानंतर येतो. स्वरचिन्ह व स्वतंत्र स्वर यांची आकृती एकच असल्यामुळे ‘सी’ आणि ‘सई’ यांतील भेद राखण्यासाठी दुसऱ्या शब्दात मध्ये ‘अ’ लिहावा लागतो. जोडाक्षरात हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी ठेवले जाते. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांना मात्र स्वतंत्र आकृत्या आहेत. तात्पर्य, ऱ्हस्व-दीर्घ, श-ष, अनुस्वार हे सर्व भेद ब्रेल लिहिणारा स्वतःच्या हाताने करतो. ज्या शुद्धलेखनाचा कर्ता लेखनिकाच्या योजनेत हरवतो, तो येथे निर्विवादपणे विद्यार्थीच असतो.

विशिष्ट विषयांच्या चिन्हांचीही सोय अशक्य नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचे ब्रेल रूपांतर मेरिक व पोटहॉफ यांनी १९३४ सालीच लंडन येथून प्रसिद्ध केले होते. अलीकडे, २००८ मध्ये, रॉबर्ट एंगलब्रेटसन या स्वतः अंध असलेल्या भाषावैज्ञानिकाने त्याची सुधारित पद्धती सिद्ध केली. ‘ध्वनिलिपीचा प्रश्न अंध विद्यार्थ्याला सुटू शकत नाही’ असे म्हणून तो प्रश्न वगळण्याची प्रथा अज्ञानमूलक ठरते.

ब्रेलमधील उत्तरपत्रिका वाचणारा परीक्षक दुर्मिळ, ही अडचण खरी आहे. संगणकाने ती बरीच दूर केली आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालींच्या साह्याने अंध विद्यार्थी प्रश्न ऐकू शकतो, उत्तर टंकित करू शकतो आणि आपले मागचे वाक्य कोणाला न विचारता पुन्हा ऐकू शकतो. हरवलेली बाह्य स्मृती त्याला परत मिळते. येथे अडसर येतो तो पुष्कळदा मराठी प्रश्नपत्रिकेच्या टंकाचा. युनिकोडपूर्व टंकांत देवनागरी अक्षराच्या आकृतीखाली संगणकाच्या लेखी रोमन अक्षर असते. कागदावर ते ‘क’ दिसते. वाचक-प्रणालीला मात्र अर्थहीन रोमन वर्णांची माळ ऐकवावी लागते. छायाप्रत घेऊन बनविलेल्या धारिकेत तर अक्षरच नसते, केवळ चित्र असते. युनिकोडमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका ही खर्चाची बाब नाही, सवयीची आहे. आणि ती सवय प्रश्नपत्रिका काढणाऱ्या अध्यापकाने लावून घ्यावयाची आहे.

६

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या बाबतीत नियमांची भाषाविषयक कल्पना सर्वांत अधिक उघडी पडते. २०१३ व २०१८ या दोन्ही सूचनांत, शक्यतो वर्णनात्मक प्रश्नांऐवजी वस्तुनिष्ठ पर्यायी प्रश्न श्रवणबाधित उमेदवारांना द्यावेत, असे म्हटले होते. अधिनियमातील दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट हीही बहुतांशी त्यांच्याच वाट्याला येते. दोन्ही तरतुदींमागील सद्भाव निर्विवाद आहे. परंतु त्यांचा एकत्रित अर्थ असा होतो, की या विद्यार्थ्याला भाषा जमत नाही, म्हणून त्याच्याकडून भाषेची अपेक्षा कमी करावी.

विल्यम स्टोको यांच्या १९६० मधील प्रबंधिकेपासून भाषाविज्ञानाने जे सिद्ध केले आहे ते याच्या नेमके उलट आहे. चिन्हभाषा म्हणजे हावभाव नव्हेत. त्यांना स्वतःची घटकरचना व स्वतःचे व्याकरण असते. भारतीय चिन्हभाषेचा अभ्यास वुडवर्ड, वसिष्ठ आणि पुढे उल्रिके झेशान यांनी केला. तिच्यात प्रश्नवाचक चिन्ह व नकारवाचक चिन्ह वाक्याच्या अंती येते, ही तिची नियमित रचना आहे. मराठीची वा हिंदीची ती मोडकी नक्कल नाही. दिल्ली येथे २०१५ मध्ये भारतीय चिन्हभाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याचा पहिला शब्दकोश प्रसिद्ध झाला. अशा विद्यार्थ्याला मराठी प्रश्नपत्रिका ही दुसऱ्या भाषेतील प्रश्नपत्रिका असते. आणि ती दुसरी भाषाही त्याला कानांवाटे मिळालेली नसते.

त्याच्या विचारशक्तीत उणीव नाही. उणीव आहे ती परीक्षेने मान्य केलेल्या माध्यमात. म्हणून त्याला वर्णनात्मक प्रश्नापासून ‘मुक्त’ करणे म्हणजे युक्तिवाद रचण्याच्या, मत मांडण्याच्या व खोडून काढण्याच्या संधीपासूनच मुक्त करणे होय. पदव्युत्तर शिक्षणाचे प्रयोजन जर तेच असेल, तर ही सूट त्याला पदवी देते आणि शिक्षण काढून घेते. चिन्हभाषेत उत्तर देऊन त्याचे चित्रमुद्रण करणे आणि प्रशिक्षित दुभाष्याकडून त्याचे लेखी रूपांतर करून घेणे, हा मार्ग अवघड खरा. परंतु अंध विद्यार्थ्याने बोलून दिलेले उत्तर ज्या तत्त्वावर मान्य होते, त्याच तत्त्वावर तो उभा आहे. एकाला मान्यता आणि दुसऱ्याला नकार, याला बोलीव भाषेविषयीच्या पूर्वग्रहावाचून दुसरे कारण दाखविता येणार नाही.

७

यापुढील प्रश्न प्रश्नपत्रिकेच्या भाषेचा आहे. मराठी प्रश्नपत्रिकांत रूढ असलेल्या वाक्यरचनेचा एक नमुना कल्पून पाहावा: ‘मराठीतील अनुनासिक स्वरांच्या स्वनिमिक दर्जाविषयी अभ्यासकांनी उपस्थित केलेल्या शंकांच्या अनुषंगाने, उच्चार व लेखन यांतील तफावत दर्शविणाऱ्या उदाहरणांच्या साह्याने, आपण स्वीकारलेल्या भूमिकेचे समर्थन करा.’ मराठीत विशेषणवाक्ये नामाच्या आधी येतात व क्रियापद अखेरीस येते. त्यामुळे काय करावयाचे आहे, हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही; आणि स्वीकारावयाची ‘भूमिका’ कशाविषयी, हे मागे जाऊन शोधावे लागते. डोळस वाचक नजर मागे फिरवितो. ऐकणाऱ्याला संपूर्ण वाक्य स्मृतीत धरावे लागते. अध्ययन अक्षमता असलेला विद्यार्थी त्यात वाट चुकतो. मराठी दुसरी भाषा असलेला कर्णबधिर विद्यार्थी पहिल्याच वळणावर अडतो.

आता तोच प्रश्न असा मांडावा: ‘मराठीत अनुनासिक स्वर हा स्वतंत्र स्वनिम आहे काय? आपले मत सांगा. त्याची कारणे द्या. उच्चार व लेखन यांत फरक दाखविणारी तीन उदाहरणे द्या.’ विषयाची खोली तसूभरही कमी झालेली नाही. कमी झाला तो परीक्षेशी संबंध नसलेला भाषिक अडथळा. ज्ञान आणि ते मागणारी वाक्यरचना यांत फरक करणे, हा सुलभ परीक्षेचा पहिला नियम म्हणता येईल. त्याचा लाभ सर्वांनाच होतो, यामुळे त्याचे मोल घटत नाही.

आकृत्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. वाक्यविश्लेषणाच्या प्रश्नात वृक्षाकृती मागण्याची प्रथा आहे. परंतु वृक्षाकृतीतून व्यक्त होणारी घटकांची श्रेणी नामनिर्देशित कंसांच्या मांडणीतून जशीच्या तशी व्यक्त होते, हे वाक्यविन्यासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविले जाते. मग ‘वृक्षाकृती काढा’ या ऐवजी ‘घटकरचना वृक्षाकृतीने किंवा कंसांनी दाखवा’ असे म्हणण्यात काहीच हानी नाही. येथे पर्यायी प्रश्न देण्याची गरजच पडत नाही. प्रश्न तोच राहतो, व्यक्त करण्याची वाट तेवढी दुसरी मिळते. कंसांची मांडणी सांगून लिहविता येते, टंकित करता येते आणि ब्रेलमध्येही लिहिता येते. मात्र हस्ताक्षरातील वृक्षाकृती काढण्याचे कौशल्यच तपासावयाचे असेल, तर तसे अभ्यासक्रमात सांगितलेले असावे.

वेळेचा विचारही याच दृष्टीने व्हावयास हवा. दर तासामागे निदान वीस मिनिटे अधिक, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास, असे सूचनांतील प्रमाण राहिले आहे. किमान मर्यादा म्हणून ते उपयुक्त आहे. व्यवहारात मात्र तीच कमाल मर्यादा होऊन बसते. वस्तुतः वेळ खर्च होतो तो चार ठिकाणी: प्रश्न वाचण्यात, उत्तर रचण्यात, ते उतरविण्यात आणि फिरून पाहण्यात. ब्रेल वाचणाऱ्याचा वेळ पहिल्या ठिकाणी अधिक जातो, हाताला पेटके येणाऱ्याचा तिसऱ्या, सांगून लिहविणाऱ्याचा तिसऱ्या व चौथ्या. सर्वांना एकच मात्रा देणे सोपे असते, पण समान असत नाही.

८

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की इतक्या सोयी दिल्यास परीक्षेतील समानता बिघडते. परंतु परीक्षेला समान ठेवावयाचे असते ते कसोटी लावलेल्या गुणाच्या बाबतीत. दृष्टी, हाताचे बळ आणि श्रवण हे भाषाविज्ञानाच्या वा इतिहासाच्या परीक्षेतील कसोटीचे गुण नाहीत. ते सर्वांना सारखे आहेत असे धरून चालण्यानेच समानता आधी बिघडलेली असते. दुसरा आक्षेप साधनांच्या अभावाचा. तो अधिक गंभीर आहे. कारण प्रशिक्षित लेखनिक, दुभाषे व संगणककक्ष यांना पैसा लागतो. तरीही वर सुचविलेल्या गोष्टींपैकी कितीएक विनामूल्य आहेत: युनिकोडमधील टंकन, सुटसुटीत वाक्ये, आकृतीला कंसांचा पर्याय, सांगून लिहिलेल्या उत्तरपत्रिकेत शुद्धलेखनाचे गुण न कापणे, विद्यार्थ्याला वर्षारंभापासून त्याच लेखनिकाबरोबर सराव करू देणे. २०१३ च्या सूचनांत लेखनिकाची भेट परीक्षेच्या एक दिवस आधी, तर २०१८ च्या सूचनांत दोन दिवस आधी ठेवली होती. परिभाषा, बोली आणि सांगण्याची लय यांची ओळख दोन दिवसांत होत नसते.

लेखनिकाच्या योजनेकडे आजवर दयाबुद्धीने किंवा संशयाने पाहिले गेले. दोन्ही दृष्टींत विद्यार्थ्याचे उत्तर हे त्याचे स्वतःचे आहे, ही साधी गोष्ट निसटते. परीक्षेची सेवा आखावयाची ती या गोष्टीपासून आरंभ करून. प्रत्येक सोयीला एकच प्रश्न विचारावा: या मार्गाने कागदावर आलेले विधान विद्यार्थ्याचे आहे, असे परीक्षकाला निःशंकपणे म्हणता येईल काय, आणि ते चुकीचे उतरले असल्यास विद्यार्थ्याला ते सिद्ध करता येईल काय? ज्या योजनेत या दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी येते, ती स्वीकारार्ह होय. विद्यार्थी उत्तीर्ण झाला की अनुत्तीर्ण, हे त्यानंतर पाहावे. निदान मग तो निकाल त्याचा स्वतःचा असेल.